दोंडाईचाच्या फलाटावरची म्हातारी

लोक आम्हाला डॉक्टर म्हणायचे आणि आम्ही डॉक्टर नसायचो. पशुधन पर्यवेक्षक हे आमच्या हुद्द्याचं नाव. गावोगावी मोटरसायकलवर फिरायचं, गुरांना लस टोचायची, कृत्रिम रेतन करायचं, जखमा धुवायच्या, आणि आपल्या आवाक्याबाहेरचं काही दिसलं की तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावायचा. माझी सगळी नोकरी धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत झाली. निवृत्त झाल्यावर आम्ही जळगावात मेहरूणला घर केलं, तलाव चालत जाण्याच्या अंतरावर. सकाळी फिरायला जायचं आणि कोणाच्या शेपटीला हात लावायचा नाही, असं मी ठरवलं होतं.

या नोकरीत गमती पुष्कळ. शिंदखेड्याकडच्या एका गावात एका भाऊंचा मोबाइल हरवला. म्हशीनेच गिळला अशी त्यांची खात्री. ते मला बोलावून घेऊन गेले, म्हशीच्या पोटाला माझा कान लावायला लावला आणि शेजाऱ्याच्या फोनवरून रिंग देत राहिले. "वाजतोय का?" मी म्हटलं, "भाऊ, रवंथ वाजतोय." दुसऱ्या दिवशी फोन कडब्याच्या गंजीत सापडला. त्यांनी मला तसं कळवलं ते थोड्या नाराजीने. त्यांना म्हैसच दोषी हवी होती.

आणि घाम फुटायचे प्रसंगही तेवढेच. गाय फुगली म्हणून बोलावणं यायचं. ओला चारा जास्त खाल्ला की पोटात वायू कोंडतो, डावी कूस ढोलासारखी वर येते, आणि मग औषधाची वाट बघायला वेळ नसतो. बरगड्यांच्या मागची जागा बोटाने चाचपायची आणि जाड पोकळ सुई आत घालायची. हिस्स करून वारा सुटतो, सगळ्या गोठ्यात आंबूस वास पसरतो आणि गाय डोळे उघडते. किंवा नाही उघडत. जे व्हायचं ते तिथल्या तिथे होतं. काळजी मला नवी नव्हती, पण माझी काळजी अशी होती. मोटरसायकलला किक मारताना सुरू व्हायची आणि हात धुताना संपायची.

एक गोष्ट मात्र निवृत्तीनंतर लक्षात आली. एवढ्या वर्षांत मी म्हातारं जनावर जवळपास पाहिलंच नव्हतं. दूध आटलं, पाय ओढायला लागलं, की ते जनावर पुढच्या खेपेला गोठ्यात नसायचं. विकलं म्हणायचे, पाहुण्यांकडे धाडलं म्हणायचे. मी विचारायचो नाही. जन्म मी शेकड्यांनी पाहिले होते. म्हातारपण मला ठाऊक नव्हतं.

ते मला दाखवलं डॉक्टर मनीषाने. ती जळगावात कुत्र्यामांजरांचा दवाखाना चालवते. शिकून बाहेर पडल्यावर पहिली नेमणूक मी होतो त्याच गुरांच्या सरकारी दवाखान्यात होती, म्हणून मला नाना म्हणते आणि हक्काने कामं सांगते. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तिचा फोन आला. जळगावचा एक प्रवासी दोंडाईचा स्टेशनवर गाडीची वाट बघत असताना त्याला फलाटावरच्या बाकाखाली एक म्हातारी कुत्री पडलेली दिसली. उठत नव्हती. त्याने तिला चादरीत गुंडाळून पॅसेंजरने आणलं आणि थेट मनीषाच्या दारात ठेवलं.

"नाना, मूत्रपिंडं गेली आहेत तिची," मनीषा म्हणाली. "बरी होणार नाही. पण पिंजऱ्यात मरू द्यायची नाही मला. थोडे दिवस घरी ठेवाल?"

"मी गुरांचा माणूस आहे गं."

"सुई टोचता येते ना? मग झालं."

याला ही मुलं फॉस्टर म्हणतात. म्हणजे जनावर आपलं नाही, आपल्याकडे काही दिवसांसाठी. कोणी घर दिलं की ते जातं. या कुत्रीला कोणी घर देणार नव्हतं. तिचं जाणं म्हणजे एकच जाणं होतं, आणि ते आमच्या घरातून होणार होतं.

माझी बायको शोभा कुत्र्यांना घाबरते. लहानपणी तिला चावलं होतं. कुत्री घरी आली तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. तपकिरी अंग, छातीवर पांढरा पट्टा, तोंड पार पिकलेलं. एका डोळ्यावर पांढरा पडदा, दुसऱ्यातही अंधूक. ऐकू येत होतं की नाही कळायला मार्ग नव्हता. मी तिला खाली ठेवलं तर चारही पाय चार दिशांना घसरले.

"अहो, ही चावणार कशाने?" शोभा म्हणाली. "दात कुठे आहेत?" आणि त्या एका प्रश्नात तिची निम्मी भीती गेली.

हे काम बाहेरून वाटतं तसं नाही. लोकांना वाटतं, कुत्र्याच्या डोक्यावर हात फिरवायचा आणि डोळे पुसायचे. खरं काम कूस बदलण्याचं. एका अंगावर फार वेळ पडली की हाडाजवळ कातडी लाल होते आणि मग फुटते. रोज कातडीखाली सलाईन द्यायचं. दोन खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलून सुई सरकवायची. पाठीवर पाण्याची पिशवी लटकल्यासारखी फुगते आणि हळूहळू ओसरते. तोंडाला मुतारीसारखा वास येतो, मूत्रपिंडं हरल्याची ती खूण. हिरड्या बघायच्या, ओकारीचा रंग बघायचा. आणि खाणं. माणूस स्वतःचं जेवण विसरतो, एवढा तिच्या खाण्याचा विचार करतो. शोभा कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी दुधात कुस्करून तिच्यापुढे धरायची. कधी चाटायची, कधी मान फिरवायची. चाटलं की घरात सण. मान फिरवली की आम्ही दोघं एकमेकांशी धड बोलायचो नाही.

शेजारच्या गल्लीत सलीमभाईंचं गाद्यांचं दुकान आहे. त्यांनी तिच्यासाठी वर रेग्झिन लावलेली पातळ गादी शिवून दिली. "ओली झाली तरी पुसून घ्या," म्हणाले. रोज दुकान उघडायच्या आधी डोकावून जायचे. "कशी आहे आपली म्हातारी?" नाव तिला तेवढंच. नाव ठेवायचं नाही असं मी ठरवलं नव्हतं, पण ज्याच्या जाण्याची वाट बघायची त्याचं बारसं करायला मन होत नव्हतं.

एप्रिलमध्ये जळगाव तापायला लागलं. कूलरचा वारा तिच्याकडे वळवला. माझी झोप कानात जाऊन बसली होती. कूलर बंद पडला की जाग यायची, तिचा श्वास ऐकू आला नाही की जाग यायची, ऐकू आला तर तो जोरात का चाललाय म्हणून जाग यायची. गोठ्यातली काळजी हात धुतले की संपायची. ही हात धुवून जात नव्हती.

मग तिने दोन दिवस काहीच घेतलं नाही. मनीषा घरी आली, हिरड्या उचलून पाहिल्या, पोट दाबलं. कुत्री कण्हली. मनीषा माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाना, रविवारी इंजेक्शन देऊन कायमची झोपवू या तिला. यापुढे फक्त ओढणं आहे."

गुरांच्या कामात हा निर्णय मी कधी घेतला नव्हता. मालक उभा असायचा, बघायचा, तोच हो-नाही म्हणायचा. आम्ही फक्त हात. इथे मालक कोण? मी हो म्हणालो, आणि म्हणताना आपल्याला हा अधिकार कोणी दिला, असं वाटत राहिलं.

शुक्रवारी सकाळी अनोळखी नंबरावरून फोन आला. मुलीचा आवाज. "मी दोंडाईचाजवळून पूनम बोलते. तुमच्याकडे फलाटावरची कुत्री आहे ना? व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आणि तुमचा नंबर आलाय. माझ्या आजोबांना बोलायचंय."

मग एक घोगरा, म्हातारा आवाज आला, अहिराणीत. "मी लोटन बोली ऱ्हायनू. ती मनी कुत्री शे. जित्ती शे का?"

माझी कुत्री जिवंत आहे का, असं ते विचारत होते. मी म्हटलं, "आहे, आबा."

पलीकडे पूनमने स्पीकर लावला. मग तिने सगळं सांगितलं. लोटनआबा दोंडाईचाला मिरचीच्या एका गोदामावर राखणदार होते. कुत्री तिथेच त्यांच्यापाशी वाढली. गोदाम बंद झालं, आबा गावी मुलाकडे आले, कुत्रीलाही आणलं. पण ती गावात टिकेना. दोनदा पळून बंद गोदामाच्या दारात जाऊन बसली, दोनदा आबांनी परत आणली. तिसऱ्यांदा ती दारातही नव्हती. आबा महिनाभर शोधत होते. आता त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केलेली.

"खूण काय हो तिची?" मी विचारलं.

"आंग तपकिरी. छातीवर धवयं," आबा म्हणाले.

मी गादीकडे बघितलं. छातीवरचा पांढरा पट्टा श्वासाबरोबर वर-खाली होत होता. तपकिरी अंग आणि पांढरी छाती खानदेशातल्या निम्म्या कुत्र्यांची असते, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण त्या घडीला मला ते आठवायचं नव्हतं. मला मालक हवा होता.

"तिले सांगा, मी शे," आबा म्हणाले. मी फोन तिच्या कानाजवळ धरला. ते काहीतरी बोलत राहिले. कुत्रीने कान हलवला. माशीनेही हलवला असता.

त्या दिवशी घरात वाद झाला. आबांना येता येत नव्हतं, म्हणजे तिलाच न्यायला हवं होतं. मनीषा म्हणाली, सलाईन आणि वेदनेचं इंजेक्शन देऊन पहाटे निघालात तर कदाचित पोहोचेल, पण वाटेत काही झालं तर मी तिथे नसेन. शोभा गादीजवळ खाली बसली होती. ती म्हणाली, "तुम्ही हे तिच्यासाठी करताय की त्या म्हाताऱ्यासाठी?"

मी एवढंच म्हणालो, "तिला त्याचा वास तरी मिळेल."

सलीमभाईंनी स्वतःहून गाडी काढली. मागचं आसन काढून तिथे तिची गादी पसरली. शोभा म्हणाली, "मी पण येते." जी बाई दोन महिन्यांपूर्वी दारातून पुढे सरकत नव्हती, ती कुत्रीचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

शनिवारी उजाडायच्या सुमाराला निघालो. धरणगाव मागे पडलं, अमळनेर आलं. रस्त्याचं काम चाललेलं, वळणावळणावर गिट्टी. प्रत्येक खड्ड्याला मी मागे वळायचो. "नाना, पुढे बघा, तुमच्या बघण्याने खड्डे बुजत नाहीत," सलीमभाई म्हणाले, पण गाडी त्यांनी बैलगाडीच्या वेगाने चालवली. अमळनेर सोडलं आणि तिने ओकारी केली, पिवळी, रेघ रेघ रक्त. शोभाने पदराने तिचं तोंड पुसलं. पदराने. मी पाहत राहिलो.

"परत फिरू या का?" सलीमभाईंनी विचारलं.

मागे तेवढंच अंतर होतं जेवढं पुढे. ऊन चढायला लागलं होतं. गाडीतला पंखा गरम हवा फेकत होता. मी कुत्रीच्या मांडीच्या आत बोट ठेवून नाडी बघितली. सुतासारखी बारीक, घाईघाईची. माझ्या मनात एकच घोकणं चाललं होतं, की पोहोचेपर्यंत टिक बाई. त्या माणसाच्या हाती मेलेली कुत्री द्यायला लावू नकोस. हेही आता उघडच लिहितो, की त्या वेळी मला तिच्यापेक्षा माझ्या नाचक्कीची भीती जास्त होती.

पोहोचलो तेव्हा आबा दारात लिंबाखाली खाट टाकून वाटच बघत होते. उंच, वाळलेला माणूस, डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा. शेजारी पूनम. खाटेखाली पितळीत दूध-भाकरी तयार. आम्ही गादीसकट कुत्री उचलून त्यांच्यापुढे ठेवली. आबा खाटेवरून उतरून मातीत बसले. त्यांनी आधी हाक मारली, "चिंगी." कुत्री तशीच पडून होती. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, मग मानेवरून, पाठीवरून. मागच्या डाव्या पायापाशी त्यांचा हात थांबला. पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. मग उजवा पाय चाचपला.

"हाई मनी नही," ते म्हणाले.

"आबा, नीट बघा ना," पूनम म्हणाली.

"बघानं काय त्यामा? मनी कुत्रीना पायवर मिरचीनं पोतं पडेल व्हतं. हाड उलटं जुडेल. तठे गाठ शे, लिंबूयेवढी." त्यांनी माझा हात धरून कुत्रीच्या पायावर ठेवला. पाय सरळ होता. मी दोन महिने रोज तिची कूस बदलताना तो पाय उचलला होता. मला विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं. मी गाठीचं विचारलंच नव्हतं.

सलीमभाई गाडीकडे जाऊन उगाच टायर बघू लागले. मला सर्वांत जास्त दिसत होता तो आबांचा चेहरा. शुक्रवारपर्यंत त्यांची कुत्री हरवलेली होती. शुक्रवारी ती सापडली. आणि आता मी ती पुन्हा हरवून दिली होती.

"आबा, चूक माझी," मी म्हटलं. "मी खात्री करायला हवी होती."

त्यांनी मान हलवली. रागावतील, निघा म्हणतील, असं वाटत होतं. त्यांनी पितळी पुढे ओढली, बोट दुधात बुडवलं आणि कुत्रीच्या ओठाला लावलं. "कोनी बी ऱ्हावो," ते म्हणाले. "घर उनी शे ना." कोणाची का असेना, घरी आली आहे ना.

तिने जीभ बाहेर काढली. दोनदा चाटलं. बस्स, तेवढंच. मग अंगातून एक झटका गेला, मान मागे ओढली गेली आणि ती ओरडली. एवढ्या दिवसांत ती कण्हली होती, ओरडली कधीच नव्हती. शोभाने दोन्ही हातांनी कान झाकले.

आता परत नेणं शक्य नव्हतं. बाहेर दुपार पेटत होती, त्या रस्त्याने तिला गाडीत घालणं म्हणजे छळ. मी मनीषाला फोन लावला. ती म्हणाली, "नाना, रविवारची वाट बघू नका." दोंडाईचाला माझ्या जुन्या ओळखीचे पवार डॉक्टर होते. त्यांना सांगितलं. ते येईपर्यंतचा वेळ माझ्या सगळ्या नोकरीपेक्षा लांब वाटला. मोटरसायकलचा आवाज आला की मी फाटकापर्यंत जायचो. आयुष्यभर लोक माझी अशीच वाट बघत फाटकात उभे असत, आणि मी रस्त्यात चहाला थांबलेला असे.

पवार आले. त्यांनी तपासलं आणि विचारलं, "मालक कोण?"

आबा माझ्याकडे बघत होते. पूनम, सलीमभाई, सगळेच माझ्याकडे. मी काही बोलायच्या आत शोभा म्हणाली, "आम्ही आहोत, डॉक्टर. आमचीच आहे."

आधी गुंगीचं इंजेक्शन. तिचं अंग सैल पडत गेलं, तोंडावरचा ताण उतरला. किती दिवसांत तो चेहरा मी असा पाहिला नव्हता. मग दुसरं. डोकं शोभाच्या मांडीवर, पाठीवर आबांचा हात, आणि माझं बोट त्या सुतासारख्या नाडीवर. नाडी थांबली तेव्हा सगळ्यांत आधी मला कळलं, आणि मी लगेच सांगितलं नाही. थोडा वेळ ते मी माझ्यापाशीच ठेवलं.

आबांनी आपल्या शेताच्या बांधावर जागा दिली. सलीमभाईंनी आणि आबांच्या मुलाने खड्डा खणला. निघताना आबा काठी टेकत गाडीपर्यंत आले. म्हणाले, "मनी कथी दखायनी ते फोन करजो." माझी कुठे दिसली तर कळवा. मी हो म्हणालो. त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही.

परतीच्या वाटेवर मी दोन्ही बाजूंचे रस्ते बघत होतो. तपकिरी कुत्री दिसली की सलीमभाई न सांगता गाडी हळू करायचे. नरडाण्याच्या अलीकडे एक दिसली, मी उतरून तिच्या पायाला हात लावायला गेलो, तर ती गुरगुरून तीन ढांगांत पसार झाली. म्हातारी नव्हतीच.

आबा आता दर रविवारी फोन करतात. त्यांचं नाव पडद्यावर आलं की ते काय विचारणार ते मला ठाऊक असतं. "मनी सापडनी का?" "नाही आबा, अजून नाही." मनीषाने सगळ्या ग्रुपवर पायाच्या गाठीचं टाकलंय. दोंडाईचाच्या स्टेशनमास्तरांनाही सांगून ठेवलंय. मी गोदामाच्या दारात दोनदा जाऊन आलो. कुलूप आहे, सावली आहे, कुत्री नाही.

पावसाळ्यात मनीषाने दुसरी म्हातारी पाठवली, चाळीसगावची, मागचे पाय लुळे पडलेली. मी नाही म्हणणार होतो. शोभाने फोन माझ्या हातातून घेतला आणि "आणा" म्हणाली. पुन्हा कूस बदलणं, पुन्हा रात्री कान टवकारून पडणं. या कामाची सवय होत नाही. सवय झाली तर ते करूच नये.

त्या रविवारी आबांचा फोन आला तेव्हा मी या नव्या म्हातारीचं त्यांना सांगितलं. मी त्यांच्या नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत होतो, उत्तर जिभेवर तयार ठेवून. आबांनी तो विचारला नाही. खाकरले आणि म्हणाले, "आज काय खादं तिनी?"

"अर्धी भाकरी, आबा," मी म्हटलं. "दुधात कालवून."

"बरं," आबा म्हणाले. "उद्या भी मी फोन करस."